बाळ पाळण्यात नेल्याबाबत

दि. २५ डिसेंबर १९६८
पोलीस चौकी, अंधेरी (पूर्व)

माझे नाव दशरथ सहदेव घाडी, वय वीस, राहणार विक्रोळी, मामांच्या चाळीतील खोलीत, मूळ गाव मालवणकडे. शिक्षण सातवीपर्यंत, सातवी धरून नाही. धंदा काय असे विचारले असता सांगतो, की मनोरीला होडीवर होतो, तिथून गोवंडीला एका गॅरेजात, मग सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरकडे. जमादारसाहेब म्हणाले, एका शब्दात सांग. एका शब्दात, मिळेल ते.

मी आज रोजी चौकीत स्वतः हजर राहून, कोणी न शिकवता सांगतो की, येथे बाकावर बसवून ठेवलेली बाई शेवंती महादू परब ही माझी सख्खी मामी आहे. तिच्या मांडीवर झोपलेली मुलगी प्रेमा ही तिची मुलगी. मामा महादू परब हे विक्रोळीला कारखान्यात आहेत, आज त्यांची दुसरी पाळी आहे, त्यांना यातले अजून काही कळलेले नाही. मामीने मला चौकीच्या पायरीवर एवढेच विचारले, "दशरथा, चोर म्हणान माझा नाव हयसर लिवतले? तुझ्या मामाक काय सांगू?" ते नाव तसे लिहिले जाऊ नये म्हणून मी जबाब देत आहे.

मरोळला चर्चच्या मागच्या मैदानावर दरवर्षी नाताळात जत्रा भरते. यंदा मी त्या जत्रेत बल्बच्या माळा लावायला होतो. अशी जत्रा मी कुठे पाहिली नाही. झाडाझाडाला चांदणीचे कंदील, आणि साधे नाहीत, आत बल्ब फिरतो आणि कागदावर मासे पोहताना दिसतात. मधल्या आंब्यावर कापूस पसरून बर्फ केला आहे. लाल डगला घातलेला, पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा टांग्यातून येतो आणि पोरांवर गोळ्या उधळतो. त्या टांग्याच्या घोड्याला लाकडी शिंगे बांधून हरीण बनवले आहे, आणि घोडाही अशी मान वर करून चालतो की त्याला स्वतःलाच ते पटलेले असावे. सदर घोड्याचा गुन्ह्याशी संबंध नाही असे मला सांगण्यात आले.

हे सगळे घरच्यांना दाखवावे असे मला फार वाटत होते. मामी विक्रोळीत आल्यापासून कारखाना, नळ आणि बाजार यापलीकडे गेलेली नाही. म्हणून आज दुपारी मी तिला आणि प्रेमाला घाटकोपरहून बसने मरोळला आणले. मामीने लग्नातले हिरवे लुगडे नेसले होते. दुसऱ्याच्या देवाच्या वाढदिवसाला जुने नेसून कसे जायचे, असे तिचे म्हणणे.

जत्रेत शिरल्यावर प्रेमाने आंब्यावरचा बर्फ बघून विचारले, "दादा, हो कापूस कोणाच्या गादीतलो?" शेजारी उभ्या असलेल्या चर्चच्या बायका इतक्या हसल्या की त्यातल्या एकीने तिला केकचा तुकडा दिला. मामीलाही दिला. मामीने तो आधी कपाळाला लावला आणि मग खाल्ला.

नंतर आम्ही देखावा पाहायला गेलो. तो एका मांडवात आहे. मातीचे डोंगर, आरशाचे तळे, तळ्यात बदके, आणि पाण्यावर फिरणारी पिठाची गिरणी, ती खरोखर फिरते. ती कशावर फिरते हे बघायला मी खाली वाकलो होतो. आत शिलाईमशीनचे चाक आहे. मधोमध गवताने शाकारलेला गोठा, त्यात निळ्या वस्त्रातली आई, काठी घेतलेला बाप, गाय, गाढव आणि पेंढा घातलेली रिकामी लाकडी गव्हाण. देव कुठे आहे असे मामीने विचारले. मी जत्रेत काम केलेला असल्याने सांगितले, की रोज संध्याकाळी गर्दीतल्या एका आईला बोलावून तिच्या हातून बाळाला ठेवतात, हा इथला रिवाज आहे. तोपर्यंत बाळ टोपलीत असते.

दिवे लागल्यावर इनास परेरा नावाचा इसम टोपली घेऊन आला. तो मरोळचाच, तिथल्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातला, वयाने पन्नाशीच्या पुढचा. त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि हिरव्या लुगड्यावर थांबवली. आम्ही चर्चचे नाही हे त्याला मामीच्या कुंकवावरून दिसतच होते. तरी म्हणाला, "बाय, ये तू. बालाला घे नं पालन्यान ठेव."

हे शब्द मी माझ्या कानाने ऐकले. तो 'पालन्यान' म्हणाला.

त्याने मूर्ती मामीच्या हातात दिली. मूर्ती खऱ्या बाळाएवढी आहे, गोऱ्या रंगाची, अंगावर कमरेच्या फडक्याखेरीज काही नाही. तेवढ्यात फाटकाजवळची दिव्यांची एक माळ विझली आणि कोणीतरी इनासला हाक मारली, म्हणून तो तिकडे धावला. (ती माळ मी लावलेली नव्हती.) मामीने बाळाला पदरात गुंडाळले. मग गोठ्यात पाहिले, मग माझ्याकडे.

"पाळणो खय आसा?"

मी गव्हाणीकडे बोट दाखवले. पण ठेवताना मी कधी पाहिलेले नव्हते, त्यामुळे माझीच खात्री नव्हती.

"ती गोरवांची गव्हाण. ह्या पोराक थयसर पेंढ्यार ठेवतले? आणि आयशीन बघीत ऱ्हवाचा?"

इथे आमच्या गावची पद्धत सांगणे जरूर आहे. आमच्याकडे रामनवमीला देवळात पाळणा टांगतात. भर दुपारी देव जन्मला की बायका त्याला पाळण्यात घालतात, गाणी म्हणतात आणि सगळा गाव एकेक करून दोरी ओढतो. तेव्हा देव जन्मला म्हणजे पाळणा पाहिजे, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. मामीने मांडवाबाहेर पाहिले. समोर मैदानात दिव्यांनी लखलखणारा एकच पाळणा होता, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत पाटी होती 'आकाश पाळणा'. मामीला अक्षरे लावून वाचता येतात.

ती म्हणाली, "ह्येंचो देव मोठो, पाळणोय मोठो."

मलाही तसेच वाटले. खरे सांगतो, मला ते फार झकास वाटले. आपल्या देवाला आपण दोरीने हलवतो, हे लोक इंजिन लावून आभाळात नेतात.

मूर्ती लपवली होती काय असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. मामी मैदानाच्या मधून, बँडच्या समोरून गेली. पाळण्यापाशी रांग होती, त्या रांगेत आम्ही उभे राहिलो. पुढच्या बाईने बाळाचा गाल बघून विचारलेही, "किती महिन्यांचं?" मामी म्हणाली, "आजच झालो." पाळण्याचा माणूस खंडू यानेही मूर्ती पाहिली. तो म्हणाला, "मांडीवरच्याला तिकीट माफ. बस मावशी, घट्ट धर." खंडूला बोलावून विचारावे.

आम्ही तिघे एका डब्यात बसलो. पाळणा दोनदा पूर्ण फिरला आणि तिसऱ्या वेळी आमचा डबा सगळ्यात वर असताना इंजिनाचा पट्टा उतरला. पाळणा थांबला. मी होडीवर काम केलेले आहे, तरी मी डब्याची दांडी दोन्ही हातांनी धरली. मामीचे दोन्ही हात बाळाला होते.

वरून काय दिसत होते हे लिहायची जरुरी नाही असे जमादारसाहेब म्हणाले, पण थोडक्यात सांगतो. मरोळच्या गावठाणात घराघरावर चांदणी लागलेली होती. पवईकडचे डोंगर काळे होते. सांताक्रूझच्या बाजूला विमान उतरत होते, त्याचे दिवे आमच्या डब्याच्या उंचीने आल्यासारखे वाटले. प्रेमाने विचारले की विमानातली माणसे आपल्याला बघतात काय. मामी म्हणाली, "बघूंदेत. चांगली नेसलंव आपण."

मग तिने डबा अंगाने हळूहळू झुलवला, पाळणा झुलवतात तसा. थोडे गुणगुणली. बारशाला करतात तसे बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केले आणि नाव ठेवले. ते मुलग्याचे नाव होते. प्रेमाने विचारले, "आये, काय नाव ठेवलंस?" मामीने बाळाच्या डोक्यावर पदर ओढला. मला ते नाव ऐकू आले आणि ते नाव मी पूर्वी घरात एकदा ऐकलेले आहे. चोरीशी त्याचा संबंध नाही, म्हणून येथे सांगत नाही. मामीला मुले किती असे विचारल्यावरून सांगतो की, हयात एक, प्रेमा.

आम्ही वर असतानाच खाली लाऊडस्पीकर सुरू झाला. आधी इंग्रजीत, मग मराठीत. "बाळ हरवले आहे, कोणाला दिसल्यास मांडवात आणून द्यावे." जत्रेत दुपारपासून पोरे हरवत होती आणि सापडत होती, त्यामुळे मला नवल वाटले नाही. मामीचा मात्र चेहरा उतरला. म्हणाली, "कोणाचा गे प्वार चुकला? आयशीचो जीव खय ऱ्हवलो आसतलो." तिने बाळाला जास्तच घट्ट धरले, दुसऱ्या हाताने प्रेमाचा फ्रॉक पकडला आणि डोळे मिटून गावच्या देवाला नारळ बोलली, की ते पोर सापडू दे.

हे मी शपथेवर सांगतो. ज्या बाळासाठी सगळे मैदान धावत होते, ते सापडावे म्हणून तिने स्वतः नवस केला, आणि ते तिच्या मांडीवर होते.

पुढे खंडू आणि आणखी काही माणसांनी हाताने ओढून पाळणा फिरवला व आम्हाला खाली आणले. खाली गर्दी जमली होती. कोटातले एक गृहस्थ, जे जत्रेच्या कमिटीचे सेक्रेटरी आणि या प्रकरणातले फिर्यादी आहेत, त्यांनी मूर्तीचा पाय धरून ती ओढली. मामीने सोडली नाही. जोर करून मूर्ती रोखली हा आरोप त्यावरून आला आहे. मामी त्यांना इतकेच म्हणाली, "तंगडेक धरून खेचू नको रे, नवजात आसा ता." गर्दीत कोणी म्हणाले, परक्या लोकांना आत घ्यायलाच नको होते. दुसरा म्हणाला, हात तोडा. केक देणारी बाई मधे उभी राहिली, म्हणून कोणी अंगाला हात लावला नाही. नंतर पोलीस आले व आम्हाला चौकीत आणले.

चौकीत मूर्ती मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवण्यास सांगण्यात आले. टेबल थंड आहे म्हणून मामीने प्रेमाचा स्वेटर काढून खाली घातला आणि मग ठेवली. आताही ती त्यावरच आहे.

जबाब चालू असताना इनास परेरा हा धापा टाकत हजर झाला. फिर्यादी सेक्रेटरी समोर बसलेले होतेच. इनास म्हणाला, "साहेब, तिला कशाला बसवलाय? मीच बोल्लो, पालन्यान ठेव."

सेक्रेटरी म्हणाले, "गव्हाण म्हणायचं ना रे. पाळणा कुठे आहे आपल्या गोठ्यात?"

"माझी आई पालनाच बोलायची, तिची आई पन. बाल झोपतो तो पालना. मग काय बोलू, खोका?"

सेक्रेटरींनी छताकडे पाहिले. त्यांना हसू येत होते की रडू ते मला कळले नाही. मग त्यांनी मामीला विचारले, "बाई, एवढ्या उंचावर अडकलात, भीती नाही वाटली?"

मामी चौकीत आल्यापासून पहिल्यांदा बोलली. "बाळ रडाक नाय."

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि आपली तक्रार नाही असे जमादारसाहेबांना सांगितले. मूर्ती त्यांच्या ताब्यात देण्याचे ठरले. ते उचलायला पुढे झाले, पण इनासने त्यांचा हात धरला. "हिनं अजून ठेवलं नाय. गव्हाण तशीच रिकामी हाय, लोक उभे हायेत. आजचा मान हिचा. बाय, चल, तूच ठेव."

मामी उठली नाही. म्हणाली, "पेंढ्यार नाय ठेवूचंय. खाली मऊ घालतलास तर येतंय."

इनास म्हणाला, "स्वेटर हाय ना, तोच घालू. देखावा उतरेपर्यंत तिथंच ऱ्हाईल."

प्रेमा जागी झाली होती. स्वेटर आपला आहे, पण चालेल, असे तिने सांगितले.

मामी, प्रेमा, इनास व सेक्रेटरी बाहेर गाडीपाशी थांबले आहेत. मूर्ती मामीच्या पदरात आहे. मला लवकर सोडावे, कारण मामीने ठेवताना मला पाहायचे आहे.

वरील सर्व जमादारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. वरती हकिकतीच्या मथळ्यात 'मूर्ती पळवून नेल्याबाबत' असे लिहिले गेले होते, तेवढे माझ्या सांगण्यातले नव्हते. ते खोडून तेथे 'बाळ पाळण्यात नेल्याबाबत' असे केले आहे व खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी माझ्या तोंडचे असून बरोबर आहे.

सही
दशरथ सहदेव घाडी