टपावरची पाटी

ट्रकच्या वर्कशॉपमध्ये मी नंबर यायची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर सिल्लोडकडचं एक जोडपं होतं. मेकॅनिक त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला.

"काका, काचेचं रबर बदललं, दाराचंही बदललं. तरी पाणी येतंच?"

"येतंच म्हंजे? नवी कोरी गाडी, आन् पाऊस आला की माझ्या डोक्यावर धार! वॉरंटीत नीट करून द्या."

"आज टपावर चढून बघितलं. नावाची पाटी ठोकायला तुम्ही पत्र्याला भोकं पाडलीत. पाणी तिथूनच उतरतंय."

"पाटी तर सगळेच लावत्यात."

"पाटीवरची ही वच्छला कोण पण?"

"हाये घरातलंच मानूस."

"मीच ती, भाऊ. लग्न झाल्यापासून मला 'अगं ए' म्हणत्यात, आन् नाव मात्र फर्दापूरपस्तोर साऱ्या रस्त्याला दाखवीत फिरत्यात."

"तू गप बस."

"काका, तुम्ही पाडलेली भोकं वॉरंटीत बसत नाहीत. पण पाटी काढू दिलीत, तर साहेबांना सांगून बुजवून देतो."

"पाटी नाय निघायची."

"काढू द्या की, अवो. एकदा मला नावानं हाक मारा, इथं, ह्या समद्यांम्होरं. मग पाटी नसली तरी चालंल मला."

काका खाकरले. नंबरची वाट बघणारे आम्ही सगळे त्यांच्याकडं बघू लागलो.

"अगं ए..."

"बोला की."

"घरी गेल्यावर ती मोठी छत्री गाडीत ठिव."