दिवा मी काढला होता

सुनंदावहिनी, राऊत कुटुंबातली सगळी माणसं, एडवणचे गावकरी आणि बोईसरहून पाळी बदलून आलेले मित्रहो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. इथे बसलेल्या बहुतेकांनी नरेशभाऊंना माझ्याहून जास्त वर्षं पाहिलंय. माझी ओळख चार वर्षांची, आणि तीही कागदांमुळे झालेली. मी पालघरला राहते, पेटंटचे अर्ज लिहून देते. ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी फक्त "बरं" म्हटलं. सकाळी वाडीत पाणी सोडताना कोसळले, असं पलीकडून सांगत होते. मी फोन ठेवला आणि हातातले कागद टाचायला घेतले. सगळे टाचले. मला अजून रडू आलेलं नाही. हे चांगलं की वाईट, मला कळत नाही.

पण एक गोष्ट मला बोललीच पाहिजे, आणि ती तुमच्यासमोरच.

नरेशभाऊ बोईसरच्या कारखान्यात काय करत होते ते तिथल्यांना माहीत आहे. गावातल्यांसाठी सांगते. तिथल्या गोदामात माल उचलायच्या गाड्या बॅटरीवर चालतात. बॅटरीत किती चार्ज उरलाय हे मीटर दाखवतो. बॅटरी जुनी झाली की तो मीटर खोटं दाखवायला लागतो. गाडी माल वर धरून मध्येच बंद पडते, आणि खाली माणसं असतात. एका ड्रायव्हरचं बोलणं ते मला नेहमी ऐकवायचे. "राऊतभाई, मीटर बोलता है चालीस, गाडी बोलती है राम राम." सांगताना स्वतःच हसायचे.

त्यावर त्यांनी एक रीत काढली. गाडी दोन मिनिटं उभी राहिली की तिच्यावरचा मोठा दिवा आपोआप लागायचा. दिवा लागला की बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडा खाली जातो. दिवा विझला की तो परत वर येतो. कसा वर येतो, किती वेळात वर येतो, त्यावरून आत खरोखर किती उरलंय ते कळतं. मग मीटर दुरुस्त व्हायचा, आणि चार्ज कमी असेल तर गाडी जड माल उचलायलाच नकार द्यायची. एवढंच. पण हे एवढंच त्यांच्याआधी त्या गोदामात कुणी केलं नव्हतं.

मी त्याचा अर्ज लिहिला. पेटंटच्या अर्जात शेवटी दावे असतात. संरक्षण नेमकं कशाला हवं, ते तिथे लिहायचं. माझ्या पहिल्या मसुद्यात दाव्यामध्ये दिवा होता. दुसऱ्या मसुद्यात मी तो काढला. का काढला? धंद्यातलं कारण सांगते. दिवा लिहिला, तर उद्या कुणी दिव्याऐवजी भोंगा जोडेल आणि म्हणेल, माझं वेगळं आहे. म्हणून मी लिहिलं, दाबाच्या नोंदींवरून चार्ज ठरवण्याची पद्धत. दावा मोठा झाला. मला तो छान वाटला.

हे कारण खरं आहे. पण ते पूर्ण खरं आहे का? ते गेल्यापासून सहा दिवस हा प्रश्न मी स्वतःला विचारतेय. त्या रुबाबदार इंग्रजी वाक्यात गाडीवरचा दिवा मला जरा साधा वाटला होता. गावठी वाटला होता. तेही होतं. किती होतं, ते मला सांगता येत नाही.

नरेशभाऊंनी मसुदा वाचला. डोळ्यांजवळ धरून, बोट ठेवून वाचला. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं विंग्रजी मला थोडं समजतं. पण यात मी कुठं हाय ते सापडत नाय." मी हसले. ते हसले नाहीत.

"दिवा काडू नका. दिवा लागला की बॅटरी खरं बोलते. दिवा गेला तर मागं काय राहील? नुसता हिशेब."

मी त्यांना समजावलं. कायद्याचं मला जास्त कळतं, असं सांगितलं. त्यांनी सही केली.

दीड वर्षानं आक्षेप आला. आपल्या कायद्यात नुसत्या गणिती रीतीला, नुसत्या आकडेमोडीच्या क्रमाला पेटंट मिळत नाही. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की हा दावा म्हणजे आकडेमोड आहे. त्या अधिकाऱ्याची चूक नव्हती. त्यानं दावा वाचला. दाव्यात हिशेबच उरला होता.

आणि मित्रहो, मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बोईसरला बातमी फिरली. राऊतच्या शोधात काही नाही, सरकारनंच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत कुणी त्यांना "गणिताचे मास्तर" म्हणायला लागलं. थट्टाच होती, मला माहीत आहे. त्यांनी कुणाला उलटून सांगितलं नाही की दिवा वकीलबाईंनी काढला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांना मी चहा विचारला की ते आधी पुढची तारीख विचारायचे.

म्हणून मी इथे उभी आहे. आक्षेप त्यांच्या कामावर नव्हता. माझ्या वाक्यावर होता. दिवा मी काढला होता.

परवा मी फाइल उघडली. कागद दिल्यानंतर अर्जात नवीन काही घालता येत नाही. आधीपासून असलेलंच दाव्यात आणता येतं. मी वर्णन वाचत गेले. तिसऱ्या आकृतीत गाडी आहे, आणि गाडीवर दिवा आहे. खाली समजावून दिलंय, लागतो कधी, विझतो कधी. ती आकृती त्यांनी हातानं काढून आणली होती. त्यातून काय काढायचं हे मला सुचलं नव्हतं, म्हणून ती राहिली.

मी वहिनींकडे आले. आता अर्ज वहिनींच्या नावानं पुढे न्यावा लागेल. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. दिवा घातला तर दावा लहान होईल, हेही सांगितलं. आणि तरीही नाकारला जाऊ शकतो. वहिनींनी विचारलं, शोधणारा म्हणून त्यांचं नाव राहील ना? राहील, मी म्हटलं. त्या ओटीवरचा नरेशभाऊंचा चष्मा पुसत म्हणाल्या,

"मंग दिवा घाला. मिळालं नाय तरी चालेल. पण तो कागद त्यांचा असू दे."

काल मी दिवा घातला. त्या आक्षेपावरच्या सुनावणीला मीच जाणार आहे. निकाल काय लागेल, माहीत नाही.

शेवटचं सांगते. दिवा विझल्यावर ते लगेच आकडा बघू द्यायचे नाहीत. एकदा मी घाईनं मीटरवर वाकले, तर त्यांनी हात आडवा धरला. म्हणाले, तिला उसंत द्या मॅडम, आत्ता दिसतंय ते खरं नाय. आणि दाब वर येईपर्यंत आम्ही दोघं गाडीजवळ उभे राहिलो.

आज मला काय वाटतंय ते मला दिसत नाही. कदाचित तुमच्यातही कुणाचं तसंच असेल. आपण उभे राहू या. मिनिट मोजू नका. वहिनी खाली बसतील, तेव्हा आपण बसू.