सांडव्यावरचा ढोल

पुंडलिकराव : पण तलावाची पार फुटलीच नव्हती, तं काल ढोल कायले वाजवला, जागेश्वर?

जागेश्वर : पाहाले, पाटील. तलावाची राखण माह्याकडं हाये. खालच्या टोलीवरच्या वस्तीले ऐकू जाते का नाही, ते समजाले नको?

पुंडलिकराव : पाहाले म्हणे! सारं गाव फावडे घेऊन धावलं. केशवराव अर्ध्या गालाले साबण लावून आला. अन् मी कोंबडीच्या रश्श्यावरून उठलो!

सत्यभामाबाई : म्हणजे तुमाले ऐकू आलं ना, पाटील.

पुंडलिकराव : सत्यभामा, नवऱ्याची वकिली नको करू. ढोल वाजला का पार फुटली, असं पंचांत ठरलं. यात परीक्षा कायची?

जागेश्वर : गावाले ऐकू गेलं, पण टोलीवरून कुत्रंही आलं नाही. तिथं घरोघरी रेडिओ बोंबलून राहिले. अन् माही लेक मंदा तिथंच हाये, पोटुशी. पाणी सुटलं तं पयलं घर तिचंच. मले भेव वाटते, पाटील.

पुंडलिकराव : भेव मलेही वाटते. पण असाच उगाच वाजवत राहिला, तं खरी पार फुटंल त्या दिवशी लोक म्हणतीन, जागेश्वर पाहून राहिला असंल. अन् कूस बदलतीन.

जागेश्वर : तेही खरंच. न वाजवावं तं समजत नाही, वाजवावं तं भरवसा जाते.

सत्यभामाबाई : मी बोलू का? तुमचं ठरवतानाच चुकलं. पार फुटली तं ढोल थांबवाचाच नाही. अन् रोज दिवाबत्तीले फकस्त दोन ठोके. म्हणजे सारं ठीक, ऐकू आलं का सांगा. टोलीनं थाळीवर दोन ठोके देऊन जबाब द्याचा. जबाब नाही आला, तं ढोल आणखी खाली न्याचा. आज म्हणूनच सांडव्यावर आणाले लावला.

पुंडलिकराव : अन् टोलीले हे सांगन कोण?

सत्यभामाबाई : सकाळीच सांगून आली. मंदाची सासू, ताराबाई, थाळी घेऊन अंगणात बसनार हाये. मंदाले अजून आठवडा हाये म्हणे सुईण.

पुंडलिकराव : मले न इचारता?

सत्यभामाबाई : तुमाले इचारलं असतं, तं तुमी बैठक बोलावली असती.

जागेश्वर : दिवे लागले. मारू, पाटील?

पुंडलिकराव : मार. पण दोनच, बाप्पा!

(जागेश्वर दोन ठोके मारतो. जरा वेळानं खालून थाळीचे दोन ठोके येतात.)

जागेश्वर : आलं! ऐकू गेलं! आज मी सुखानं झोपतो... पण थाळी थांबून काहून नाही राहिली? वाजूनच राहिली. काही इपरीत तं नाही?

सत्यभामाबाई : इपरीत कायचं, वो! अशी थाळी घरात कवा वाजते? मंदा मोकळी झाली! लेकरू झालं!

पुंडलिकराव : अन् सुईण म्हणे आठवडा हाये! जागेश्वर, आजा झालास लेका!

जागेश्वर : सरका तिकडं! आज ढोल फुटेस्तोवर वाजवतो!

सत्यभामाबाई : हात आवरा! सारं गाव फावडे घेऊन येईल.

जागेश्वर : मंग माह्या नातवंडासाठी दोनच?

सत्यभामाबाई : दोनच. पण जोरानं मारा.