गरम खोलीतले चाळीस संच

मी, कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन, वय ४३ वर्षे, गेटवर मला सगळे गमतीने ‘फौजदार’ म्हणतात, राहणार कारखान्यामागची वसाहत, बहिणीच्या घरी, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

आमच्याकडे मोबाइलच्या टॉवरवर बसवायची यंत्रं बनतात. आज सकाळी साडेनऊला अकराशे लोकांना कँटीनमध्ये बोलावून कामावरून कमी केल्याची पाकिटं हातात दिली. दहाला त्यांची कार्डं बंद झाली. कुणालाही पुन्हा वर सोडायचं नाही, असा मला हुकूम होता. डबे, चपला वरच राहिल्या. लोक कारखान्याच्या निळ्या सपाता घालून घरी गेले. पहिल्या पन्नासेक जणांना मी सॉरी म्हणालो, मग तेही तोंडातून निघेना.

त्यात माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी होते. एकोणीस वर्षं ते गरम खोलीवर. माल पाठवण्याआधी यंत्रं तिथे तीन दिवस तापत चालू ठेवतात आणि दर तासाला माणसाने बघायचं असतं. दुपारी तीनला दाजी परत गेटवर आले. म्हणाले, “अरे, वर चाळीस संच चालू आहेत आणि बघायला चिटपाखरू नाही. एखाद्याने पेट घेतला तर खालची उरलेली माणसं होरपळतील.” मी ऑफिसात तीनदा फोन लावला. फोन उचलणारेही सकाळीच कमी झाले होते.

दाजींनी वर जाऊन संच बंद केले. उतरताना कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना धरलं आणि चोर म्हणून इथे आणलं. झडतीत त्यांचा स्वतःचा चष्मा निघाला.

दाजींनी जबाब दिलाय की आपण मागच्या भिंतीवरून उडी मारून आत गेलो, गेटवाल्याला पत्ताच नव्हता. बहीण बाहेर बाकावर बसली आहे. ती मला म्हणाली, “तू तोंड उघडू नकोस. घरात एकाची तरी नोकरी राहू दे.” तिचं चुकत नाही. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातचं जेवतात. मला राग येत नाही, रडूही येत नाही.

पण ती भिंत दहा फूट उंच आहे. दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरातला जिनासुद्धा ते कठडा धरून चढतात. भिंतीवरून चोर जातो. दाजी चोर नाहीत. गेट मी उघडलं, आणि रोजच्यासारखं “या दाजी” म्हणालो.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच आहे. शेवटची ओळ खोडू का, असं लिहिणाऱ्या साहेबांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, राहू द्या.