मेमरी कमी हाय

माझ्या स्थळाचं काय झालं म्हणून विचारताय ना? ते आमच्या जुन्या कॉम्प्युटरला विचारा!

एमएस्सीच्या प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि त्याच दुपारी मामा घेऊन येणार होता त्या दौंडच्या पाहुण्यांचा मला बघायचा प्रोग्रॅम. नको म्हणायची हिंमत माझ्यात कुठली? मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. साडी नेसून मुकाट फॉर्म भरत बसले. फोटो जोडला, तर टणकन आवाज आणि पडद्यावर पाटी: मेमरी कमी आहे, प्रोग्रॅम बंद करा. मी किंचाळलेच.

बाहेरून वडिलांनी, म्हणजे आबांनी, विचारलं, "काय झालं गं?"

"आबा, प्रोग्रॅम बंद करायला पायजे! नाहीतर माझं सगळं वाया जाईल!"

"कवा?"

"आत्ताच्या आत्ता!"

मी भराभर एकेक खिडकी बंद केली. आईचे लोणच्याचे व्हिडिओ, आबांचे कांद्याचे भाव, सगळं. फॉर्म सर्रकन जमा झाला! नाचतच बाहेर आले, तर आबा फोन ठेवत होते.

"मामाला सांगितलं, पाव्हणं चौफुल्यावरनंच माघारी फिरव. प्रोग्रॅम बंद."

"आबा, मी कॉम्प्युटरचं म्हणत होते!"

"व्हय? मला वाटलं, पोरगी एकदाची मनातलं बोलली." आबांनी फोन पुन्हा उचलला. "मग बोलावू का परत?"

आयुष्यात पहिल्यांदा मी न दचकता बोलले, "नको आबा. मेमरी अजून दोन वर्षं कमीच हाय."