दिव्याजवळचं पाणी

(हर्सूल. आप्पासाहेबांना जाऊन दीड महिना झाला. त्यांची पत्नी मनकर्णाबाई आणि चिकलठाण्याहून आलेली लेक आशा खिडकीतल्या कुंडीपाशी.)

मनकर्णाबाई : हात नको लावू. काटा रुतंल.

आशा : बुडाशी मऊ पडलाय गं हा निवडुंग. दाबला की पाणी येतंय. पाणी घालतीस का?

मनकर्णाबाई : रोज.

आशा : रोज? आप्पा महिन्यातून एकदा चमचाभर घालायचे. दक्षिण अमेरिकेतल्या कोरड्या डोंगरावरचं म्हणायचे.

मनकर्णाबाई : ठावं हाय. लिंबाएवढं ते, पण कौतुक नातवावानी. पडेगावच्या नर्सरीतून टोपीत घालून आणलं. मी म्हणलं, काटेरी घरात नको, भांडणं लागतात. तर म्हणले, तू असल्यावर ते बिचारं अजून काय लावणार?

आशा : मग ठावं असून पाणी कशाला?

मनकर्णाबाई : दिव्याजवळचं हाय ते. त्यांच्या नावानं पेला भरून ठेवते. सकाळी ते पाणी त्यांच्याच झाडाला जावं म्हणून.

आशा : माय, तेरावं कधीच झालं. दिवापण उचलला की.

मनकर्णाबाई : दिवा उचलला. पेला नाय उचलवला.

आशा : का गं? ओठ बघ तुझे, किती सुकलेत. तू तरी पितीस का पाणी?

मनकर्णाबाई : मला कुठं तहान लागती. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी पाणी द्यायचं नाय, अशी ताकीद होती. ते म्हणले, "मनकर्णा, घोटभर दे." जन्मात पहिल्यांदा नाव घेतलं. मी म्हणलं, दम धरा, बाहेर आल्यावर तांब्याभर देते.

आशा : माय...

मनकर्णाबाई : बाहेर आणलं ते झाकूनच.

आशा : तुझी चूक नव्हती त्यात.

मनकर्णाबाई : चुकीचं जाऊ दे. तहान राह्यली ना? ...हे जगंल का गं?

आशा : हे गेलं. पण बाजूला बारकं पिल्लू फुटलंय, बघ. घट्ट हाय. काढून सुकू द्यायचं, मग वाळूत लावायचं. मूळ धरेपर्यंत थेंब नाय घालायचा.

मनकर्णाबाई : म्हंजी पुन्हा मीच नाय म्हणायचं.

आशा : जगवायला म्हणायचं, माय.

मनकर्णाबाई : तवाबी जगवायलाच म्हणलं होतं.

आशा : मी नेते मग चिकलठाण्याला. तुझ्यानं नाय व्हायचं.

मनकर्णाबाई : नको. त्यांच्याच खिडकीत राहू दे. नाय घालत मी.

आशा : अन् पेल्यातलं पाणी?

मनकर्णाबाई : आण इकडं. घोटभर पिते.