टाकीतला स्पंज
प्लास्टरच्या खोलीबाहेर हात गळ्यात बांधून बसलेल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले. शेजारी रेसवाल्याची आई त्याच्या गाडीच्या मिस्त्रीला विचारत होती.

"गाडी कोलांट्या खाऊन पेटली कशी नाही रे?"

"टाकीत जाड रबरी पिशवी असते, काकू. चेपते, पण फाटत नाही. आतला स्पंज पेट्रोल उसळू देत नाही."

"स्पंज तर त्यानं काढायला लावला होता ना?"

"हो. चार थेंब जास्त मावतील म्हणून."

"मग?"

"काढला, असं सांगितलं."

"आणि?"

"सांगितलं फक्त."

आतून रेसवाल्याचा आवाज चढला, "पेट्रोल नेहमीइतकंच मावलं कसं? मिस्त्रीला पाठवा आत!"

"ओरडतोय गं बाई!" आईनं डोळे पुसले. "जा बाबा, पोटभर शिव्या खाऊन ये."

शिंपीणबाईंनी पाय आवरून त्याला वाट दिली.